जाहिरात आहे तर तसं छापा!

पणजी बसस्थानकाच्या खांबावर काळा स्टिकर. त्यावर क्यूआर कोड, खाली 'तो परत येतोय' आणि दोन आकडे. नाव नाही, गाव नाही. मग हा कोड्यांचा खेळ समजून शंभर पोरं रात्र-रात्र जागणार, सायफर (गुप्त लिपी) उलगडणार, आणि शेवटच्या वेबपानावर काय? 'लवकरच येत आहे, तुमचा मोबाइल नंबर द्या.' ही सरळ सरळ फसवणूक आहे. लोकांचे तास फुकट वापरून घ्यायचे आणि वर त्यांचा नंबरही काढायचा!

म्हणून आधी कोडं नको, पान तपासा. क्यूआर स्कॅन केल्यावर लिंक उघडण्याआधी वाचा. पत्त्याच्या शेपटीला 'यूटीएम' (भेटी मोजायची खूण) दिसलं, तर कुठल्या स्टिकरवरून किती जण आले हे कुणीतरी मोजतंय. मग संगणकावर कंट्रोल-यू दाबून पानाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, बघा. टॅग मॅनेजर किंवा फेसबुकचा पिक्सेल, म्हणजे येणाऱ्यांचा माग ठेवणारे कोडचे तुकडे, सापडले, तर यामागे मोहीम असण्याची दाट शक्यता आहे. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कधी नोंदवलं ते हूइज या नोंदवहीत कळतं. मालकाचं नाव झाकलेलं असलं तरी साइटच्या सुरक्षा-सर्टिफिकेटच्या जाहीर नोंदींमध्ये सबडोमेन (त्याच नावाखालचे इतर पत्ते) दिसतात, आणि घाईत केलेलं चाचणीचं पान बरेचदा तिथेच उघडं पडतं. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता लोक थेट गूढात उडी मारतात, याचाही राग येतो.

आणि ते फॉरवर्डवाले! चित्रात मजकूर लपवलेला असतो तो बरेचदा चित्राच्या ठिपक्यांच्या, म्हणजे पिक्सेलच्या, आकड्यांतल्या शेवटच्या बिटमध्ये. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो नव्याने दाबला जातो, मजकूर मेला, एक्झिफची (फोटो कधी, कुठे काढला ही) माहितीही गेली. वर 'कायच मिळत नाही' म्हणून ओरडायचं. स्क्रीनशॉट तर पाठवूच नका. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, इतकं साधं आहे.

पण खरा संताप कोडं रचणाऱ्यांवर आहे. ४० अक्षरांचा विजनेर मजकूर (किल्लीच्या शब्दानुसार प्रत्येक अक्षर वेगळं सरकवलेला) आणि १२ अक्षरांची किल्ली! किल्लीचं प्रत्येक अक्षर जेमतेम तीन-चार अक्षरांवर पडतं. वारंवारता मोजायची कशाची? हे कोडं अवघड नाही, इशाऱ्याशिवाय सुटणारंच नाही. मराठीत सीझर, म्हणजे सगळी अक्षरं सारखीच घरं पुढे सरकवणं, करायला जातात तेव्हा तर हद्दच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरक्रमात, तीन घरं पुढे सरकवलं की 'क' चा 'घ' होतो, पण 'ह' चा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) होतो आणि र्‍हस्व वेलांटीचा दीर्घ ऊकार. हाती येतो तो टिंबांच्या वर्तुळांचा चिखल. आधी स्वतः एकदा उलट सोडवून बघायला काय जातं?

स्टिकरवरच्या आकड्यांचंही तेच. अक्षांश-रेखांश दोनच दशांशांपर्यंत दिले तर साधारण एका किलोमीटरचा चौकोन होतो. पणजीतलंच पाटो, मळा, फोन्तेन्यास, कुठे शोधायचं? चार दशांश द्या, सुमारे ११ मीटरवर येतं. आणि क्रम उलटा छापला तर १५.५, ७३.८ ची जागा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते!

जूनमध्ये इथे साध्या कागदाचे स्टिकर चिकटवणाऱ्यांना काय म्हणावं? 'एल' या सर्वात कमी दुरुस्ती-पातळीचा क्यूआर फक्त ७ टक्के नुकसान सोसतो, पहिल्या पावसात कोपरा सुटला की संपलं. 'एच' पातळी ३० टक्क्यांपर्यंत तग धरते. कोड बनवताना फक्त पर्याय बदलायचा असतो.

जाहिरात करणं गुन्हा नाही. २००४ मध्ये 'आय लव्ह बीज' या कोड्यांच्या खेळाचा पत्ता 'हेलो २' या व्हिडिओ गेमच्याच ट्रेलरमध्ये झळकला होता. कुणासाठी खेळतोय हे ओळखता येत होतं, तरी लोक जीव तोडून खेळले. तुम्हीही स्टिकरच्या कोपऱ्यात 'जाहिरात' ही चार अक्षरं छापा, कोडं चांगलं असेल तर लोक तरीही सोडवतील. फक्त शेवटच्या पानावरचा तो मोबाइल नंबरचा चौकोन काढून टाका.