50 एमएम सगळ्यांना नाही झेपत

'किट लेन्सनंतर डोळे मिटून 50 एमएम एफ/1.8 घ्या' हा नवशिक्या फोटोग्राफरांना दिलेला सल्ला एका लेखात वाचून हसू आलं, कारण मी अगदी तसेच डोळे मिटले होते. (किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स; 50 एमएमला झूम नसतं, आणि एफचा आकडा जितका लहान तितका जास्त प्रकाश आत येतो.) हौशी माणसाच्या हातात बहुधा एपीएस-सी या लहान सेन्सरचा कॅमेरा असतो, हे लेखात राहूनच गेलंय. त्यावर 50 ची चौकट फुल फ्रेमवरच्या (म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या) 75-80 एमएमइतकी आवळते. कॅमेरा उभा धरला तरी अख्खा माणूस बसवायला चारेक मीटर मागे सरकावं लागतं. आता आमच्या इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या त्या खाऊबाजारात, दहाला चार मीटर मागे सरकून दाखवा! पाठीमागे कुणाची तरी गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट असतेच. दोन हिवाळे मी जिलेबीवाल्याचे नुसते हात काढत बसलो. कढई, माणूस आणि गर्दी एका फोटोत कधी आलीच नाही.

शेवटी ती 50 ची लेन्स विकून 35 एमएम एफ/1.8 घेतली. किट लेन्स 35 वर साधारण एफ/4.5 च्या आसपास उघडते, त्यामुळे जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, जी वाढवली की फोटो दाणेदार होतो) 6400 लागायचा तिथे आता 1000 वर भागतं. घरातल्या माणसांचे फोटो काढायचे असतील तर 50 उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. पण घेण्याआधी किट लेन्सची रिंग एक संध्याकाळभर 50 वर ठेवून फिरा. पैसे पडत नाहीत, आणि गल्लीत भिंतीला पाठ लागली की कळतंच.