हिरकणीच्या दाराला कुलूप

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुंपली. कुणीतरी सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2025 मधल्या निकालाची बातमी टाकली होती. बाळाला चारचौघांत किंवा कामाच्या जागी पाजणाऱ्या आईला नावं ठेवू नका, तिच्यासाठी सोय करा, असा त्याचा आशय. त्यावर आतेभाऊ दादाचं उत्तर लगेच आलं : "तुमचं ठीक आहे गं, तिकडे सगळं उघडंच. आपल्याकडे लाजलज्जा आहे अजून."

तिकडे म्हणजे मी राहते ते ग्लासगो. स्कॉटलंडमध्ये 2005 पासून कायदाच आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला सार्वजनिक जागी दूध पाजताना, ते अंगावरचं असो की बाटलीतलं, कुणी मुद्दाम अडवलं तर तो गुन्हा. अडीच हजार पौंडांपर्यंत दंड. कायदा चोख. पण माझी लेक नऊ महिन्यांची असताना आम्ही रोज ज्या बसने जायचो, तिच्यात अंगावर पिणारं दुसरं बाळ मला कधी दिसलं नाही. बाटल्या मात्र भरपूर. 'लॅन्सेट'मध्ये 2016 साली आलेल्या आकड्यांनुसार ब्रिटनमध्ये वर्षाची झाल्यावरही अंगावर पिणारी बाळं दोनशेत एक! मला कुणी हटकलं नाही, हे खरं. शेजारच्या आजोबांनी फक्त पेपर नाकाशी धरला आणि पुढचे तीन स्टॉप एकच पान वाचलं.

म्हणजे लाज इकडेही आहे, ती बोलत नाही इतकंच. कधीकधी बोलतेही. 2014 च्या डिसेंबरात लंडनच्या एका बड्या हॉटेलात बाळाला पाजणाऱ्या बाईला नॅपकिनने झाकून घ्यायला सांगितलं, तेव्हा तिथले राजकीय नेते नायजेल फराज म्हणाले होते की अशा बायकांनी कोपऱ्यात वगैरे बसावं. दादाचं आणि त्यांचं छान जमलं असतं.

दादाच्या 'आपल्याकडे' या शब्दापाशी मात्र मी अडते. आपल्याकडे म्हणजे नक्की कुणाकडे? आमची आजी नऊवारी आणि गाठीची चोळी घालायची. गाठ सोडली, पदर ओढला, की झालं. पाहुण्यांशी बोलता बोलता, शेंगा फोडता फोडता सहा पोरं पाजली तिने. ओट्यावर, बाजारात, बैलगाडीत. कुणाची नजर वळली नाही आणि कुणी वळवलीही नाही. अडचण सुरू झाली ती आमच्या पिढीत. कुर्ता खालून वर घ्यावा लागतो, म्हणून वर स्टोल हवा. स्टोलखाली बाळ घामेजतं आणि लाथा मारून तो उडवतं. (माझ्या लेकीने तर एकदा तो थेट पुढच्या सीटवरच्या बाईच्या डोक्यावर टाकला.) कपडे बदलले आणि त्याचं खापर संस्कृतीवर फोडतो आपण. उसाच्या फडात, मासळीबाजारात बायका आजही पाजतातच की. तिथे लाजलज्जेची चर्चा करायला दादा जात नाही.

सोय म्हणून आपल्याकडे हिरकणी कक्ष आहेत. कल्पना चांगली, आणि ज्या बाईला आडोसा हवा तिला तो मिळायलाच हवा. नावही छान, पण मला त्याची गंमत वाटते. रायगडावर दूध विकायला आलेली हिरकणी. कोजागिरीच्या संध्याकाळी दरवाजे बंद झाले आणि खाली घरी तान्हं होतं, म्हणून ती कडा उतरून गेली. बंद दाराला न जुमानणाऱ्या बाईचं नाव आपण दिलं ते एका बंद दाराच्या खोलीला.

गेल्या दिवाळीत गावी जाताना एका बसस्थानकावर दादाचाच चार महिन्यांचा मुलगा भुकेने रडून लाल झाला. पाटी होती, हिरकणी कक्षही होता, पण दाराला कुलूप. खिडकीच्या फटीतून आत बघितलं तर झाडू आणि कागदांचे गठ्ठे. किल्ली ज्याच्याकडे तो चहाला गेलेला. दादा किल्ली शोधायला पळाला. वहिनी घामाघूम, ओढणी सावरत उभी. बाकावर एक भाजीवाली बसली होती. तिने टोपली सरकवली, वहिनीला म्हणाली, "बस गं माझ्यामागं," आणि तिच्याकडे पाठ करून निवांत मेथी निवडायला लागली.

दादा किल्ली घेऊन आला तेव्हा बाळ पिऊन झोपलं होतं.