आरटीएक्स ४०९० घेऊनही ते फुटेज अडखळेलच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण मशीनचा पूर्ण तपशीलही आहे. म्हणून उत्तरही तपशिलात देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ॲनिमेशन आणि व्हिडिओ एडिटिंगच्या कॉम्प्युटरचे भाग कसे निवडावेत यावरच्या माझ्या लेखात मी ग्राफिक्स कार्डाला तिसरं स्थान दिलं, हे चूक, कारण आज सगळं जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डाच्या चिपवर) चालतं. ६४ जीबी रॅम ही उधळपट्टी. दोन एसएसडी ही जुनी सवय. आणि लेखात सरळ यादी नाही. तुमच्याकडे इंटेलचा आय७-१३७००एफ प्रोसेसर, एनव्हिडियाचं १२ जीबीचं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे. कॅमेऱ्याचं ४के फुटेज टाइमलाइनवर अडखळतं, टास्क मॅनेजरमध्ये कार्ड जेमतेम १० टक्क्यांवर दिसतं, आणि यावर उपाय म्हणून तुम्ही आता ४०९० घेणार आहात.

ते घेण्याआधी हे वाचा. जे कार्ड १० टक्केच राबतंय, त्याच्या जागी मोठं कार्ड बसवलं तर ते ५ टक्के राबेल. कार्डाकडे काम पोचतच नाहीये.

कॅमेऱ्याच्या एच.२६४ किंवा एचईव्हीसी फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. बहुतेक फ्रेममध्ये फक्त शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. टाइमलाइनवर मधेच कुठे तरी क्लिक केलं की ती एक फ्रेम दाखवण्यासाठी मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. हे उलगडणं, म्हणजे डीकोडिंग, कार्डाचे हजारो कुडा कोअर (सर्वसाधारण गणना करणारे भाग) करत नाहीत. त्यासाठी चिपवर वेगळं, ठरावीक फॉरमॅटच ओळखणारं सर्किट असतं. आरटीएक्स ४० मालिकेतलं हे सर्किट ४:२:२ रंगनमुन्याचं (दर दोन पिक्सेलमागे एकदा रंग साठवणारं; ४:२:० मध्ये रंगाची माहिती याच्या निम्मी असते) फुटेज घेतच नाही. ४०७० घेत नाही आणि ४०९० पण घेत नाही, कारण दोन्हींतला डीकोडर एकाच पिढीचा आहे. ४:२:२ ची सोय एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिकेत दिली. तुमचा कॅमेरा ४:२:२, १० बिट लिहीत असेल (आजचे बरेच मिररलेस लिहितात), तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

इंटेल प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक हे डीकोडिंगचं सर्किट, डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून, एचईव्हीसी ४:२:२ १० बिट सहज उलगडतं. पण तुमच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ आहे. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंक नाही. आणि इथे चूक माझी आहे. ‘वेगळं कार्ड असेल तर एफ घेतला तरी बिघडत नाही’ असं वाक्य मी लेखात लिहिलं होतं. गेमसाठी ते खरं आहे, एडिटिंगसाठी नाही. ते वाक्य मी दुरुस्त केलं आहे.

माझं निदान तपासून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मीडियाइन्फो या मोफत टूलमध्ये एक क्लिप उघडा आणि तीन गोष्टी टिपून घ्या: कोडेक (एच.२६४ की एचईव्हीसी), क्रोमा सबसॅम्पलिंग (४:२:२ की ४:२:०), बिट डेप्थ (८ की १०). मग तीच क्लिप कुठलाही इफेक्ट किंवा कलर ग्रेड न लावता टाइमलाइनवर चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावरच्या एका आलेखावर ‘व्हिडिओ डीकोड’ निवडा. तो शून्यावर आणि प्रोसेसर ८०–९० टक्क्यांवर असेल तर मामला स्पष्ट आहे. उलट नुसती क्लिप सुरळीत चालते आणि ग्रेड किंवा नॉइज रिडक्शन लावल्यावरच अडते, तर मात्र कार्डच कमी पडतंय आणि तुमचं म्हणणं खरं. एक सावधगिरी: त्या पानावर सुरुवातीला दिसणारा ‘थ्रीडी’ आलेख कुडावरचं काम नीट मोजत नाही. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर पूर्ण जोरात रेंडर करत असतानाही तिथे कार्ड निवांत दिसू शकतं.

निदान बरोबर निघालं तर सगळ्यात आधी फुकटचा उपाय करा: प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती. १०८०पी आकारात, प्रोरेझ प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या फॉरमॅटमध्ये त्या बनवा. यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते आणि पिक्सेल ४के यूएचडीच्या चौथ्या हिश्शाएवढेच. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीतले ऑडिओ चॅनेल मूळ फाइलएवढेच ठेवा, नाही तर ती जोडली जात नाही. एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘प्रॉक्सी वापरा’ची खूण नाही ना, हेही बघा. ती राहून गेली की चित्र मऊ येतं आणि माणूस लेन्सला दोष देत बसतो. दुसरा उपाय कॅमेऱ्यात: एचईव्हीसी ४:२:० १० बिट निवडता येत असेल तर ते तुमचं ४०७० आरामात उलगडतं. ग्रीन स्क्रीनचं काम नसेल तर फरक क्वचितच जाणवेल. तिसरा उपाय प्रोसेसर बदलण्याचा. एफ नसलेला १३७०० किंवा १४७०० तुमच्याच एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसेल. कार्ड लावलेलं असताना अनेक मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद ठेवतात. ते बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करा, इंटेलचा ड्रायव्हर टाका आणि प्रीमिअरच्या मीडिया सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंगसाठी इंटेलवर खूण करा. पण फुटेज एच.२६४ मधलं ४:२:२ असेल तर या पिढीचं क्विक सिंकही उपयोगाचं नाही. मग प्रॉक्सी किंवा ५० मालिकेचं कार्ड, दोनच वाटा.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. ब्लेंडरमध्ये सायकल्स या रेंडर इंजिनने रेंडर करणाऱ्यासाठी ग्राफिक्स कार्ड पहिल्या स्थानावरच हवं. लेखात मी एडिटिंग आणि थ्रीडी एकाच क्रमात कोंबलं, ते वेगळं करायला हवं होतं. पण तिथेही आधी व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) बघा, वेग नंतर. ४०९६×४०९६ चं एक ८ बिट टेक्स्चर (वस्तूवर चढवायचं चित्र) उलगडल्यावर सुमारे ६७ एमबी घेतं. फाइल डिस्कवर ५ एमबीची जेपीजी असली तरीही. अशी ५० टेक्स्चर म्हणजे सुमारे ३.४ जीबी, वस्तूंची भूमिती आणि कॅरेक्टरचे केस अजून आलेलेच नाहीत. आरटीएक्स ४०७० हे ४०६० टीआयपेक्षा चांगलंच वेगवान आहे, पण सीन १४ जीबीचा झाला की तो १६ जीबीच्या ४०६० टीआयमध्ये मावतो आणि १२ जीबीच्या ४०७० मध्ये नाही. मग एक तर मेमरी संपली म्हणून रेंडर थांबतो, नाही तर सिस्टिमची रॅम उसनी घेत रखडतो. दोन कार्डं लावली तर सायकल्सचा वेग वाढतो, पण या कार्डांची व्हीरॅम एकत्र होत नाही, सीन प्रत्येक कार्डात पूर्ण मावावा लागतो. तुमचं सध्याचं कार्ड ताणायचं असेल तर ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय विभागात टेक्स्चरची मर्यादा २०४८ करा. लांबच्या वस्तूंवर फरक दिसत नाही. रेंडर कमांड लाइनवरून सोडला तर व्ह्यूपोर्टची (काम करताना सीन दिसतो त्या खिडकीची) मेमरीही वाचते.

‘सगळं जीपीयूवर चालतं’ हे मात्र ॲनिमेशनच्या बाबतीत खरं नाही. कॅरेक्टरच्या रिगमध्ये (त्याला हलवणाऱ्या सांगाड्यात) एका हाडावर दुसरं हाड, त्यावर कन्स्ट्रेंट, त्यावर डिफॉर्मर अशी साखळी असते आणि आधीची कडी सुटल्याशिवाय पुढची सुटत नाही. त्यामुळे व्ह्यूपोर्टचा प्लेबॅक बहुतांशी प्रोसेसरच्या एका कोअरच्या वेगावर ठरतो. तुमच्या १३७००एफमध्ये २४ थ्रेड आहेत. त्यातला एक पूर्ण घासला जात असला तरी टास्क मॅनेजर प्रोसेसर ४ टक्केच वापरात असल्याचं सांगतो, आणि लोक समजतात की प्रोसेसर मोकळा आहे. तिथे आलेखावर उजवं क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर’ची मांडणी निवडा, मग कोण अडकलंय ते दिसतं.

रॅमबद्दल. कट-टू-कट एडिटिंग १६ जीबीत होतं, मान्य. पण आफ्टर इफेक्ट्सचा हिशेब वेगळा आहे. तिथे प्रीव्ह्यूची प्रत्येक फ्रेम न दाबता ठेवली जाते. ३८४०×२१६०, चार चॅनेल, १६ बिट म्हणजे फ्रेममागे सुमारे ६६ एमबी. विंडोज आणि सॉफ्टवेअर वजा जाता तुमच्याकडे १० जीबी उरली असं धरलं, तरी त्यात १५० फ्रेम बसतात. २५ फ्रेमच्या वेगाने सहा सेकंद. सातव्या सेकंदाला पहिला सेकंद रॅममधून पुसला जातो. डिस्क कॅशे मदत करतो, पण लेअर सतत बदलणाऱ्या कामात फार नाही.

‘आधी दोन पट्ट्या घ्या, लागल्या तर आणखी दोन लावा’ हा तुमचा सल्ला डीडीआर४ या रॅमच्या आधीच्या पिढीच्या काळात ठीक होता. डीडीआर५ वर चार पट्ट्या लावल्या की वेग कोसळतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीचाच अधिकृत आकडा दोन पट्ट्यांना ५२०० आणि चारांना ३६०० मेगाट्रान्सफर प्रति सेकंद आहे. इंटेलवरही वेग उतरतो. म्हणून सुरुवातीलाच ३२ च्या दोन घ्या, एकाच पाकिटातल्या, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं नाही तर रॅम तिच्या मूळ, कमी वेगानेच चालत राहते. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. ते मेमरी ट्रेनिंग असतं. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

एसएसडीवर तुमचं निम्मं ऐकतो. वेगासाठी दोन लागत नाहीत. प्रोरेझ ४२२ एचक्यू, यूएचडी, २५ फ्रेम हे सुमारे ९२ एमबी प्रति सेकंद मागतं. कुठलीही बरी एनव्हीएमई एसएसडी असे अनेक प्रवाह एकाच वेळी देते. दुसरी डिस्क मी सुचवली ती कॅशेने सिस्टिमची डिस्क गच्च भरू नये म्हणून. त्यापेक्षा महत्त्वाचं हे की क्यूएलसी प्रकारची (एका पेशीत चार बिट साठवणारी) एसएसडी घेऊ नका. तिचा वेगवान कॅशे मोठ्या कॉपीत भरला की लिहिण्याचा वेग साध्या हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमचा प्रोसेसर बघून सांगायलाच हवी. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे चिप कायमची बिघडण्याचा दोष होता. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) आले, ते मदरबोर्डाच्या बायॉस अपडेटमधून मिळतात. बायॉस त्याआधीचा असेल तर आजच बदला. झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही. त्यामुळे अपडेटनंतरही रेंडर मधेच कोसळत असेल, तर वॉरंटी बघा. या चिपसाठी इंटेलने ती दोन वर्षांनी वाढवली आहे.

यादी हवी होती, तर तुमच्या मशीनसाठी ही. बायॉस अपडेट. प्रॉक्सी. रॅम ३२ च्या दोन (मदरबोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा ते आधी बघून). मग एफ नसलेला प्रोसेसर. कार्ड तेच राहू द्या. ४०९० एकटं ४५० वॅट मागतं, तुमचं ४०७० फक्त २००. म्हणजे त्याच्यासोबत बहुधा पॉवर सप्लाय आणि कदाचित कॅबिनेटही बदलावं लागेल. तो खर्च तुम्ही धरलेला दिसत नाही.

मीडियाइन्फोत ४:२:० निघालं तर माझं पहिलं निदान रद्द. मग कोडेक, बिट डेप्थ आणि व्हिडिओ डीकोडचा आकडा इथेच खाली लिहा, पुढचं त्यावरून बघू.