सिडनी–सँटियागो विमान खरंच उडतं

पृथ्वी सपाट असल्याचा ‘पुरावा’ म्हणून एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्यात म्हटलंय की ऑस्ट्रेलियाहून दक्षिण अमेरिकेला थेट विमान नाहीच, सगळी उत्तरेकडून वळसा घेतात, अंटार्क्टिकाकडे कुणाला जाऊ देत नाहीत आणि ट्रॅकिंग अ‍ॅपवर विमान समुद्रावर गायब होतं. हा मेसेज शाळकरी मुलांपर्यंतही पोचतो, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

पहिली गोष्ट, थेट विमान आहे. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने मार्च २०१२ मध्ये सिडनी ते चिलीची राजधानी सँटियागो अशी सेवा सुरू केली. लाटाम या दक्षिण अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये सँटियागोहून मेलबर्नला थेट विमान सोडलं. इतक्या वर्षांत त्यातून गेलेले असंख्य प्रवासी खोटं बोलतायत, असं मानायचं का?

आता अंतर. खरा निकाल इथेच लागतो. गोल पृथ्वीवर सिडनी आणि सँटियागोच्या विमानतळांमधलं अंतर सुमारे ११,३४० किलोमीटर भरतं. जाताना साधारण साडेबारा तास लागतात, म्हणजे सरासरी वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. जेट विमानाचा नेहमीचाच वेग. आता मेसेजमधला सपाट नकाशा घ्या, उत्तर ध्रुव मधोमध असलेला. त्यावर हेच अंतर २५,००० किलोमीटरच्या वर जातं. ते साडेबारा तासांत कापायचं तर ताशी २,००० किलोमीटरहून जास्त वेग हवा. तेवढा कॉनकॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाचा होता, आणि त्याच्या इंधनात या अंतराचा तिसरा हिस्साही पार झाला नसता.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोरा घ्या. एक टोक सिडनीवर, दुसरं सँटियागोवर धरून ताणा. दोरा आपोआप खाली सरकतो आणि मधल्या टप्प्यात ६० अक्षांशाच्याही दक्षिणेला जातो. सर्वात जवळची वाट तीच. वारा पाहून वैमानिक तीत फेरफार करतात. तिथले पश्चिमी वारे जोरदार असतात, म्हणून परतीला जवळपास १४ तास लागतात.

दुबई किंवा लॉस एंजेलिसमार्गे तिकीट दिसतं, कारण या वाटेवर प्रवासी कमी आणि थेट विमानंही मोजकीच. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या वेळेत विमानतळ गाठता यावा लागतो, आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये विमानतळ फार विरळ. म्हणूनच क्वांटासने आधी चार इंजिनांचं बोइंग ७४७ या मार्गावर वापरलं. अंटार्क्टिकावरून नेहमीची विमानं का जात नाहीत, याचंही मुख्य कारण हेच. बंदी असती तर १९९४ पासून ऑस्ट्रेलियातून फक्त बर्फ पाहायला जाणारी पर्यटन उड्डाणं झाली नसती.

राहिला अ‍ॅपचा मुद्दा. अशी अ‍ॅप मुख्यतः विमानाचे संकेत पकडणाऱ्या, जमिनीवरच्या रिसीव्हरवर चालतात आणि एका रिसीव्हरची पोच काहीशे किलोमीटर असते. न्यूझीलंडच्या पुढे समुद्रात रिसीव्हर बसवणार कुठे? विमान मात्र उपग्रहामार्फत नियंत्रण कक्षाला आपली जागा कळवत राहतं, आणि काही तासांनी चिलीच्या किनाऱ्याजवळ अ‍ॅपवर पुन्हा दिसू लागतं. गोल पृथ्वीच्या हिशोबाने जेव्हा दिसायला हवं, तेव्हाच.