कुतूहल मोबाइलने मारलं?

मोबाइलमुळे मुलांचं कुतूहल संपलं, हे लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. मूल काही विचारायला आलं की ‘हे परीक्षेला आहे का?’ असं उलट विचारतं कोण? आपणच ना! मुंबईत शिकण्याची ओढ फुरसतीवर कधीच अवलंबून नव्हती. १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, नोकरी सांभाळून शिकता यावं म्हणून. गिरणगावात तर पाळी संपवून, अंगावरचा कापूस झटकून माणसं रात्रशाळेच्या बाकावर बसत. त्यांना कुणी ‘क्लास’ लावले नव्हते. आणि वरळीचं तारांगण १९७७ पासून उभं आहे. लेखकमहाशय, आपल्या पोरांना तिथे शेवटचं कधी नेलंत? (मॉलच्या फेऱ्या धरू नका.)