‘शुद्ध मराठी फक्त पुण्याची’: त्या मजकुराला एका वऱ्हाडी माणसाचं उत्तर

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की एक मजकूर गटागटांतून फिरायला लागतो. यंदाही आला, आमच्या सोसायटीच्या गटावर. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, म्हणणं तेच असतं. खरी, शुद्ध मराठी पुण्याची. विदर्भाची मराठी म्हणजे अर्धी हिंदी, मराठवाड्याची अर्धी उर्दू. ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक ज्याला कळत नाही तो अशिक्षित. बोलींना व्याकरण नसतं. माणसंही त्यांच्या भाषेसारखीच: विदर्भातली सुस्त, मराठवाड्यातली भांडखोर. आणि शेवटी आवाहन, की मराठी टिकवायची तर सगळ्यांनी आपापली बोली सोडून एकच मराठी बोलावी.

मी अकोला जिल्ह्यातला. पुण्यात येऊन वीस वर्षं झाली. आजवर हा मजकूर वाचून पुढे गेलो. या वेळी एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे, कारण गटातल्या ज्यांनी त्याखाली हात जोडले त्यांतली बरीच माणसं माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातली, चांगली माणसं आहेत.

‘शुद्ध मराठी पुण्याची’ हे पहिलं विधान. पुण्याच्या शिकलेल्या वर्गाची भाषा प्रमाण ठरली हे खरं. पण ती शुद्ध होती म्हणून निवडली गेली नाही. पेशवाई १८१८ साली बुडाली. नव्या इंग्रज सरकारला शाळांसाठी पुस्तकं हवी होती, कोश हवा होता, व्याकरण हवं होतं. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. हे काम करायला जे शास्त्री हाताशी होते, त्यांची भाषा पुस्तकांत गेली आणि पुस्तकांतली भाषा शाळेत गेली. सत्ता आणि विद्या पुण्यात होती म्हणून पुणं. त्या जागी दुसरं गाव असतं तर दुसरी बोली प्रमाण झाली असती. पुण्यात सत्ता गाजवणारं पेशव्यांचं घराणंही मूळचं कोकणातल्या श्रीवर्धनचं. कोकणातून वर आलेल्या कितीतरी घरांत चित्पावनी ही वेगळीच बोली बोलली जायची. त्या घरांनी ती सोडली आणि नवी भाषा घेतली. म्हणजे आज ज्यांना शुद्ध मराठीचे मूळ मालक समजलं जातं, त्यांच्या पणजोबांनाही ती शिकावीच लागली होती.

पुणे म्हणजे तरी कोणतं पुणे? मावळ, जुन्नर, बारामती हे सगळं पुणे जिल्ह्यातच आहे. तिथल्या शेतकऱ्याची भाषा या मजकुराच्या हिशेबात धरलेलीच नाही.

शुद्धतेचं म्हणाल तर तीही दर पिढीला बदलते. माझ्या आजोबांना शाळेत ‘कां’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार द्यावे लागत. नाही दिले तर चूक. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत चार वाढले, आणि आता ते अनुस्वार दिले तर चूक. आजोबांची भाषा एका वर्षात अशुद्ध झाली का? बदलला तो लिहिण्याचा नियम. नियम असावेत, सगळ्यांनी ते पाळून लिहावं, हेही मला मान्य आहे. पण तो करार आहे. करार म्हणजे सोवळं नव्हे.

जुन्या मराठीचा शोध घ्यायचा तर गाडी पुण्यात थांबत नाही. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या शेवटी रचला तो रिद्धपूरला. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव वऱ्हाडात आहे, आणि मराठी भाषा विद्यापीठासाठी सरकारने याच गावाची निवड केली. नामदेवांचं नरसी हिंगोली जिल्ह्यातलं, जनाबाईंचं गंगाखेड परभणी जिल्ह्यातलं, गोरोबाकाकांचं तेर धाराशिवचं, एकनाथांचं पैठण गोदावरीकाठचं. हा सगळा मराठवाडा. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२चा शिलालेख अलिबागजवळच्या अक्षीचा, आणि ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही शिलालेखातली ओळ कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळची. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यासाठी जे पुरावे आपण अभिमानाने सांगतो, ते असे चारी दिशांनी आले आहेत.

‘अर्धी हिंदी, अर्धी उर्दू.’ जमीन, दुकान, शहर, तारीख, वकील हे शब्द फारसी-अरबीतून आले. पगार, चावी, तुरुंग पोर्तुगीजांकडून. तूप, अण्णा, अक्का कानडीतून. हे शब्द पुण्यात रोज वापरले जातात आणि त्यांना कुणी भेसळ म्हणत नाही. ‘पेशवा’ आणि ‘फडणवीस’ हेसुद्धा फारसीच. शेजाऱ्याकडून शब्द घेतल्याने भाषा बाटत असेल तर सगळ्याच बाटलेल्या आहेत.

आमच्या ‘करून राहिलो’, ‘जेवून राहिला’वर हिंदीची सावली आहे हे मी नाकारत नाही. नागपूर १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी उंबऱ्यावर होती. पण त्यातला ‘ऊन’ हा प्रत्यय मराठीचा आहे आणि ‘राहणं’ही मराठीचं आहे. आपलंच सामान घेऊन शेजाऱ्यासारखी भिंत बांधली, एवढंच.

मराठवाड्याबद्दल मात्र हा आरोप मला फार लागतो. तो भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. मराठी बोलणाऱ्या मुलाला मोठं व्हायचं तर परक्या भाषेतून शिकावं लागे. इतक्या दाबाखाली पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी घरात, शेतात, कीर्तनात मराठी जिवंत ठेवली, त्यांच्या तोंडात चार उर्दू शब्द जास्त आहेत म्हणून त्यांनाच कमअस्सल म्हणायचं? खरं तर त्यांचे आभार मानायला हवेत.

आता ‘न’ आणि ‘ण’. या मजकुरातलं हे सगळ्यांत लाडकं हत्यार. ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्याला चारचौघांत हसायचं, हे मी ऑफिसात, लग्नात, मुलाखतीच्या खोलीतसुद्धा पाहिलं आहे. पण मूळ संस्कृत शब्द आहे ‘पानीय’. त्यात ‘न’ आहे. प्राकृतात त्याचा ‘ण’ झाला आणि आपल्याला ‘पाणी’ मिळालं. ‘भगिनी’ची ‘बहीण’ झाली, ‘जन’चा ‘जण’ झाला, तेही असंच. ज्या ‘ण’वर एवढा गर्व आहे तो स्वतःच दोन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या शास्त्र्याला अशुद्ध उच्चार वाटला असेल. बोलीतला ‘न’ संस्कृतातून थेट टिकून आला असं माझं म्हणणं नाही, तो पुन्हा झालेला बदल आहे. म्हणजे एक बदल जुना, दुसरा नवा. जुन्याला संस्कार म्हणायचं आणि नव्याला अडाणीपणा, याला भाषेच्या शास्त्रात कसलाही आधार नाही.

‘बोलींना व्याकरण नसतं’ हे तर पाच मिनिटं कान देऊन ऐकलं तरी खोटं ठरतं. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा-डोया, शाळा-शाया, काळा-काया, पोळा-पोया. पण लाडूचा ‘याडू’ आमच्याकडे कुणी करत नाही, लहान मूलही नाही. ‘ल’ वेगळा, ‘ळ’ वेगळा, हे त्याला पक्कं माहीत असतं. यालाच नियम म्हणतात. ‘मला’चं ‘मले’ आणि ‘तुला’चं ‘तुले’ होतं, ते सगळीकडे तसंच होतं, मर्जीप्रमाणे नाही.

‘तो जाते’ ऐकून लोक हसतात, की यांना लिंगही कळत नाही. प्रमाण मराठीत ‘ते जातात’ आणि ‘त्या जातात’ यांत क्रियापद बदलतं का? नाही. प्रमाण मराठी अनेकवचनात जे करते तेच वऱ्हाडी एकवचनातही करते. कोल्हापूरकडच्या बाया ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, त्यांचीही अशीच थट्टा होते. संस्कृतात ‘अहं गच्छामि’ पुरुषही म्हणतो आणि बाईही म्हणते. तिथे कुणाला हसू येत नाही.

शिवाय बोली म्हणून ज्यांना एका पोत्यात भरतात त्या सगळ्या मराठीच्या बोली नाहीतच. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, गडचिरोलीतली गोंडी द्राविड कुळातली. त्या स्वतंत्र भाषा आहेत. त्यांना ‘बिघडलेली मराठी’ म्हणणं म्हणजे आंब्याला बिघडलेला फणस म्हणणं.

माणसांबद्दलचा मुद्दा. विदर्भ सुस्त. माझी आई कापसाच्या वेचणीला पहाटे निघायची. कापूस हातानेच वेचावा लागतो, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलतात. निंदण, डवरणी, वखरणी, मग वेचणी, आणि हे सगळं पावसाच्या भरवशावर, कारण विहिरीला पाणी नाही आणि कालवा गावापर्यंत आलाच नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा माणूस दुपारी सावलीला बसतो, त्याला आळस म्हणत नाहीत. पाहुणा दुपारी दोन वाजता गावात येतो, ओट्यावर बसलेली माणसं पाहतो आणि परत जाऊन गोष्ट सांगतो. पहाटे चारला तो आलेला नसतो.

आणि मागासपणाचं कारण स्वभावात शोधायचं असेल तर आधी सरकारी कागद वाचावेत. विदर्भाला विकासात योग्य वाटा देण्याचं वचन देणारा नागपूर करार १९५३चा. राज्यघटनेच्या कलम ३७१(२)मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यासाठी विकास मंडळांची तरतूद आहे. १९८४ साली दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शाळा अशा एकेका क्षेत्रातला अनुशेष मोजून मांडला. मंडळं प्रत्यक्ष आली १९९४ साली. अनुशेष म्हणजे जे द्यायचं राहिलं ते. न मिळालेल्या कालव्याचा हिशेब माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर टाकू नये.

हेही सांगायला हवं: आम्ही वऱ्हाडी लोकही यातून सुटलेले नाही. पुण्याचा माणूस पाणीसुद्धा विचारत नाही, अशा गोष्टी आमच्या पारावर पोटभर चालतात, आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या माणसाच्या बोलण्याची नक्कल आम्हीही करतो. मी पुण्यात पहिल्यांदा आजारी पडलो तेव्हा शेजारच्या आजींनी आठ दिवस डबा दिला. पारावर सांगितलेल्या माझ्या जुन्या गोष्टींची मला आज लाज वाटते.

शेवटचा मुद्दा, बोली सोडली तरच मराठी टिकेल. मला उलटं दिसतं. पाचवीत असताना मी निबंधात ‘मायी माय’ लिहिलं. गुरुजींनी त्यावर लाल रेघ मारली आणि ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग हसला. त्यांनी एवढंच म्हटलं असतं, ‘घरी मायी माय, पुस्तकात माझी आई, दोन्ही लक्षात ठेव,’ तर मला दोन भाषा मिळाल्या असत्या. त्याऐवजी मी वर्षभर हात वर केला नाही. ज्याला आपली मराठी चुकीची आहे असं शिकवलं जातं तो शुद्ध मराठीकडे वळतोच असं नाही. माझे कितीतरी वर्गमित्र नागपुरात अनोळखी माणसाशी हिंदीत बोलतात, कारण हिंदी चुकली तर कुणी हसत नाही. त्यांची मुलं इंग्रजी शाळेत आहेत. मराठीची माणसं अशी कमी होतात.

बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. जळगावकडच्या त्यांच्या बोलीतली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली छापली गेली आणि आज ती शाळेच्या पुस्तकात आहेत. त्यांनी आधी ‘शुद्ध’ मराठी शिकावी असा आग्रह कुणी धरला असता तर काय उरलं असतं?

मागच्या दिवाळीत आई पुण्यात आली होती. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की ती गप्प व्हायची. घरात शिरली की सुरू. मी विचारलं तर म्हणाली, ‘मायं बोलनं तुया लोकायले समजत नाई, तुले खाली पाहा लागते.’ हा मजकूर ज्यांनी गटावर टाकला ते चौथ्या मजल्यावर राहतात. आई येत्या महिन्यात पुन्हा येते आहे. या वेळी मी तिला घेऊन त्यांच्या घरी चहाला जाणार आहे, आणि तिथे आम्ही दोघं वऱ्हाडीतच बोलणार आहोत.