विरळणी

२०२३च्या जुलैत पुण्यात टोमॅटो किलोला १०० रुपये ओलांडून १५०कडे निघाला, आणि आमच्याकडे भाजीवाल्याशी नगावर बोलणी सुरू झाली. "तीन द्या, त्यातला एक मऊ चालेल." तो मऊ टोमॅटो बायकोने आमटीसाठी कापायला घेतला, तेव्हा मी तिचा हात धरला. लग्नाला २२ वर्षं झाल्यावर नवरा स्वयंपाकघरात येऊन हात धरतो म्हटल्यावर तिला क्षणभर काय वाटलं असेल ते असो. मी म्हणालो, "बिया मला हव्यात."

हिशेब सरळ होता. एका टोमॅटोत शंभर-सव्वाशे बिया, एका झाडाला दोन-तीन किलो टोमॅटो. गुणाकार मी तोंडी करून दाखवला. तिने टोमॅटो दिला, पण तो गुणाकार पटला म्हणून नव्हे. आमटी उतू चालली होती.

टोमॅटोच्या बीभोवती एक बुळबुळीत आवरण असतं. फळाच्या पोटातच बी रुजू नये म्हणून केलेली ती व्यवस्था. ते काढायचं तर गर थोड्या पाण्यात घालून दोन-तीन दिवस आंबवायचा. मी पेला ओट्यावर, मिक्सरच्या मागे ठेवला. दुसऱ्या दिवशी आईने फ्रीज आतून पुसून काढला. तिसऱ्या दिवशी बायकोने सिंकखालचं कपाट रिकामं केलं. घरात उंदीर मेलाय यावर दोघींचं एकमत झालं (हीसुद्धा आमच्याकडे नोंद घेण्यासारखी घटना), तेव्हा मी पेला पुढे केला. वर पांढरी साय धरली होती. त्यानंतर जे एकमत झालं ते माझ्याबद्दल होतं.

धुताना चांगलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. तरंगणारं ओतून द्यायचं. इथे मी पहिल्यांदा चुकलो. ओतता ओतता मला माझे दहावीचे गणिताचे मार्क आठवले आणि पेला पुन्हा सरळ झाला. सगळ्याच बिया वर्तमानपत्रावर वाळत घातल्या. कुणी करणार असाल तर ताटलीत वाळवा, कागदाला त्या घट्ट चिकटतात. आमच्या काही बिया राशिभविष्यासकट मातीत गेल्या.

श्रीखंडाचे रिकामे डबे घरात होतेच. आमच्या घरात श्रीखंड संपतं, डबा संपत नाही. तापवलेल्या खिळ्याने बुडाला भोकं पाडली, कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून भरलं आणि एकेका डब्यात आठ-दहा बिया टाकल्या. सगळ्या थोड्याच उगवणार?

सहाव्या दिवशी सगळ्या उगवल्या. १३१. तरंगणाऱ्या उगवल्या, राशिभविष्यातल्याही उगवल्या.

आता विरळणी. दाटीने उगवलेल्या रोपांतलं एक धट्टंकट्टं ठेवायचं आणि बाकीची काढून टाकायची. तीही उपटायची नाहीत, कारण ठेवलेल्या रोपाच्या मुळाला धक्का बसतो. कात्रीने मातीलगत कापायची. मी बायकोची शिवणाची छोटी कात्री घेऊन गॅलरीत पाटावर बसलो. तास झाला. या झाडाचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या आसपास, तिथून मेक्सिको, तिथून पोर्तुगीजांच्या संगतीने हिंदुस्थानात. एवढा प्रवास करून शेवट काय, तर तिसऱ्या मजल्यावर श्रीखंडाच्या डब्यात, ब्लाउजचे धागे कापायच्या कात्रीने? आमचं घराणं संपत आलेला साबण नव्या वडीला चिकटवणारं, दुधाच्या पिशव्या धुऊन ग्रिलला वाळत घालणारं. त्यातल्या माणसाकडून जिवंत रोप कापून घेणं ही मागणीच अवाजवी आहे.

माझा मावसभाऊ नारायणगावजवळ टोमॅटो लावतो. त्याला फोन केला.

"दादा, बी टाकलंस?" तो म्हणाला. "आम्ही आता बी टाकत नाही. नर्सरीतून ट्रेमधली रोपं आणतो, रुपया-सव्वा रुपयाला एक. आणि बी कुठलं? बाजारच्या टोमॅटोचं? अरे, ते संकरित. पोरं बापासारखी निघायची नाहीत."

"पण जास्तीची कापू का?"

पलीकडे बराच वेळ ट्रॅक्टर ऐकू येत होता. "काप की," तो म्हणाला.

नागपूरहून सासूबाईंचं मत न मागता आलं. "जावईबापू, भेदरं कोणी मुद्दाम लावते काय? ते तर उकिरड्यावर आपोआप येते." विदर्भात टोमॅटोला भेदरं म्हणतात. या शब्दासमोर माझ्या गुणाकाराची रयाच गेली.

मी एकही रोप कापलं नाही. पावसाळी अंधारात ती उजेडाच्या शोधात लांबोडी वाढायला लागली, सुतळीसारखी. सूर्य आमच्या गॅलरीत एरवी सकाळी सव्वाआठ ते साडेनऊ एवढाच येतो, आणि त्या वर्षी श्रावण दोन होते, त्यामुळे तेवढाही येईना. मी डबे खिडकीपासून ग्रिलपर्यंत, ग्रिलपासून वॉशिंग मशीनवर असे उन्हाच्या मागे फिरवत राहिलो. रोपांवरून रोज हलका हात फिरवला की वारं लागल्यासारखं वाटून खोड जाड होतं, हे मला कळलं. शास्त्रीय आहे. म्हणून सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा तळवा फिरवायला लागलो. आईने हे आठवडाभर पाहिलं आणि जपमाळ थांबवून म्हणाली, "पोरांच्या बारावीला एवढा हात फिरवला असतास तर."

मग एका सकाळी काही रोपं आडवी. संध्याकाळी ताठ होती, रात्रीत मातीलगतचं खोड दोऱ्याएवढं बारीक होऊन कोलमडली. याला मर म्हणतात. जास्तीचं पाणी आणि कोंदट हवा मिळाली की बुरशी येते, आणि पुण्याच्या पावसाळ्यात दोन्ही फुकट मिळतं. ९ रोपं गेली. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याची शरम वाटून उरलेली १२२ मी दुपटीने जपली.

कातरलेली खरी पानं आल्यावर प्रत्येकाला स्वतंत्र घर लागलं. दुधाच्या पिशव्या, चहाचे कागदी कप, तेलाचे कापलेले डबे. टोमॅटोचं खोड मातीत पुरलं तर त्या खोडालाच मुळं फुटतात, म्हणून माझी लांबोडी पोरं मी गळ्यापर्यंत पुरली. पाठ तीन दिवस धरली होती. गॅलरीत उभं राहायला जागा उरली नाही, तेव्हा बायको म्हणाली, "एक तर ही जातील, नाही तर कपडे वाळत घालायचे दोर तरी जातील. आणि दोर जाणार नाहीत."

तोडगा आईने काढला. महिना अधिक होता, आणि अधिकात ३३च्या संख्येने दान देतात. तिने तिच्या भजनी मंडळात ३३ रोपांचं वाण दिलं. वाणाला नाही म्हणता येत नाही, हा आपल्या पूर्वजांचा फार खोल विचार आहे. बायकांनी टोमॅटोला हळदकुंकू लावून पदराआडून नेलं. मग मला चटक लागली. वॉचमन, दूधवाला, इस्त्रीवाला, दाताचे डॉक्टर. डॉक्टरांना तर दाढ सुन्न असताना रोप दिलं, त्यामुळे त्यांना जे समजावलं ते त्यांना काहीच कळलं नाही आणि त्यांनी चार दिवसांनी दाताच्या फायलीतला नंबर काढून मला फोन केला.

सुटलो असं मला वाटलं होतं. पण लेकी दिल्या म्हणून बाप सुटतो का? रात्री साडेदहाला वरच्या काकू: "पिवळं पडलंय हो तुमचं." माझं! "पाणी रोज घालताय का?" "दोनदा." सेक्रेटरींच्या रोपाची पानं आकसून वळली. पांढरी माशी असेल म्हणून मी निंबोळी अर्क घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर ते जिन्यात कुंड्या ठेवू नयेत अशी नोटीस टाइप करत होते. नोटीस लागली. त्यांची कुंडी जिन्यातच राहिली, नोटिशीच्या बरोबर खाली. इस्त्रीवाला मला पाहिलं की आता शर्टाआधी रोपाची हकीकत सांगतो. चार महिन्यांत माझे नातेसंबंध जेवढे वाढले तेवढे लग्नातसुद्धा वाढले नव्हते.

सप्टेंबरात फुलं आली. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, फूल नुसतं हललं की काम होतं, वाऱ्याने किंवा माशीने. कबुतरांच्या जाळीआड वारा कुठला, म्हणून सगळ्यांना सांगितलं की फुलाच्या देठाला टिचकी मारा. भजनी मंडळातल्या एका आजींना ऐकू कमी येतं. त्यांनी फुलांपाशी रोज चिपळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त फळं त्यांना धरली. याबद्दल मला काही विचारू नका.

त्याच महिन्यात भाव कोसळला. मंडईत टोमॅटो २० रुपयांवर आला, आणि शेतकरी रस्त्यावर टोमॅटो ओतत असल्याच्या बातम्या आल्या. मावसभावाचा फोन आला, "दादा, क्रेट पाठवू का? तोडणीची मजुरीपण सुटत नाही." जुलैतला गुणाकार त्याला सांगायचा राहिला होता ते बरं झालं.

आमच्या गॅलरीत ठेवलेल्या १२ झाडांना पानं मात्र अफाट आली, कारण मी खत अफाट घातलं. फळं दोन. एक कबुतराने जाळीतून चोच घालून फोडलं. बाहेर मात्र, जिथे जिथे मी दिलं तिथे तिथे पिकलं, आणि भाऊ म्हणाला तसंच झालं. कुणाचा लिंबाएवढा, कुणाचा भोपळ्यासारखा फाकी-फाकीचा, डॉक्टरांचा लांबट. भजनी मंडळात सगळे शेजारी शेजारी मांडून पाहिले म्हणे, आणि कुणीतरी आईला हळूच विचारलं, "एकाच घरची ना हो ही?"

ऑक्टोबरात चिपळ्यावाल्या आजी वाटीत तीन टोमॅटो घेऊन आल्या. लाल, टणक, देठाला अजून तो हिरवा वास. बायकोने ते लगेच कापले, मीठ-साखर लावली, फोडी माझ्यापुढे ठेवल्या आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"बियांसकट," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

मी खाल्ले. खरं सांगतो, इतकी चव बाजारच्या टोमॅटोला नसते. शेवटची फोड मी जरा सावकाश चावली. ती माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली, पाणी प्यायलो, उठायला लागलो.

"थांब," ती म्हणाली. "जीभ वर कर."